डोळा काढण्याआधी चेंडू हातात घ्या

सोळाव्या वर्षी मी आजोबांचं पहिलं मोठं चित्र काढलं. जुन्या फोटोवरून, पेन्सिलीत. वडिलांनी हौसेनं चौकट करून ते बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत लावलं. आजीनं पदरानं चष्मा पुसला, जवळ जाऊन पाहिलं, मागे सरकून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यांनी माझ्यावर असे डोळे कधी वटारले नव्हते हो."

टोपी जमली होती. मिशी तर फारच जमली होती. डोळे मात्र खरोखर वटारलेले होते आणि ते का, हे मला पुढची दोन वर्षं कळलं नाही. कळलं ते फाइन आर्ट्सला गेल्यावर, मातीचं डोकं करताना. कागदावर डोळा म्हणून एक गोल काढून मोकळं होता येतं. मातीत तसं चालत नाही. तिथे आधी खोबण कोरावी लागते, मग तिच्यात गोळा बसवावा लागतो, मग त्यावर पापणी पांघरावी लागते. या तीन कामांचा क्रम ज्याला कळला त्याला डोळा आला, असं माझं मत आहे.

शाळेतली चित्रकलेची नोकरी संपली आणि आता मी रविवारी सकाळी घरीच वर्ग घेते. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच काम: डोळा काढा. बहुतेक कागदांवर मासोळी उतरते. टोकांना जुळवलेल्या दोन कमानी, मध्ये कंपासनं काढावं तसं वर्तुळ आणि वर कंगव्याच्या दातांसारखे केस. त्यात त्यांचा दोष नाही. मीनाक्षी, कमलनयना, बदामी डोळे हे ऐकतच आपण वाढलो. कवीचं काम आकारावर भागतं, आपल्याला मात्र डोळ्याची जाडी लागते.

खाली लिहिलंय ते पहिल्या चार-पाच रविवारांत आम्ही करतो ते. डॉक्टर व्हायचं नाहीये, पण कातडीखाली जे आहे तेच कातडीवर दिसतं, तेव्हा तेवढं माहीत हवं.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. मराठीत पडद्यालाही पापणी म्हणतात आणि केसांनाही पापणी. "पापणी जाड काढ" म्हटलं की निम्मे जण केस काळे करत बसतात. गुजराती यात शहाणी आहे. पडद्याला पोपचुं, केसांना पांपण. आमच्या वर्गात बडोद्याच्या रीतीनं सरळ "पोपचं" म्हणतात. इथे मी पापणी म्हणेन ती पडद्यालाच, केसांना केस. तसंच बुबुळ म्हणजे काळी-तपकिरी चकती आणि बाहुली म्हणजे तिच्या मधलं काळं छिद्र.

साहित्य

हातात धरायचा आरसा, टेबलटेनिसचा एक चेंडू, मूठभर शाडू, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, मोबाइलचा टॉर्च, टू-बी पेन्सिल, मऊ खोडरबर. शाडू विकत घेऊ नका, गणपतीच्या दिवसांत मूर्ती करणाऱ्याकडे मागितली तर उरलेली मिळते. आणि शेवटचं, मिळायला सर्वांत अवघड: अर्धा तास न हलता बसणारा माणूस.

हात धुऊन बसा. डोळ्याच्या गोळ्यावर दाब द्यायचा नाही. टॉर्च समोरून डोळ्यात मारायचा नाही, बाजूनं आणि क्षणभर. कोणाचे डोळे आलेले असतील किंवा रांजणवाडी झाली असेल तर त्याला पुढच्या रविवारी बसवा.

पायरी पहिली: हाड चाचपा

डोळे मिटा. तर्जनी भुवईखालच्या हाडावर ठेवा आणि तिथून बाहेरच्या अंगानं खाली गालाच्या हाडावर, मग नाकाच्या कडेनं वर, अशी एक फेरी मारा. बोटाला लागली ती खोबणीची कड. कागदावर खोबण कोणी काढत नाही, पण सावल्या कुठे पडणार हे तीच ठरवते.

मोठ्या माणसाची खोबण साधारण ४ सेंटिमीटर रुंद, साडेतीन उंच आणि साडेचार खोल असते, मागे निमुळती होत गेलेली. सात हाडं मिळून ती बनते. कडेला तीनच येतात: कपाळाचं, गालाचं आणि वरच्या जबड्याचं. बाकीची चार आत, त्यांतली नाकाकडची भिंत तर कागदासारखी पातळ.

फेरी मारताना एक गोष्ट लक्षात आली का? बाहेरची कड बरीच मागे आहे. डोळा मिटून पेन्सिल उभी धरा, एक टोक भुवईवर, दुसरं गालावर. बहुतेकांची पेन्सिल गोळ्याला न टेकता उभी राहते. वरचं आणि खालचं हाड असं पुढे असतं म्हणून मोठा चेंडू लागला तर मार हाडावर जातो. कानाच्या बाजूला मात्र आडोसा नाही. त्यामुळेच आपल्याला बाजूचं इतकं दिसतं, आणि त्यामुळेच बाजूनं काढलेल्या चेहऱ्यात डोळा नाकाच्या मुळापासून चांगला मागे हवा. शिकाऊ माणूस तो हमखास पुढे आणतो.

खोबणीत सुमारे ३० मिलिलिटर पाणी मावेल, डोळ्याचा गोळा मात्र साडेसहा मिलिलिटरचा. मग उरलेल्या जागेत काय? डोळा फिरवणारे सहा स्नायू, मागे जाणारा दृष्टीचा मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि पुष्कळशी चरबी. ही चरबी म्हणजे गोळ्याची गादी. दुखण्यातून उठलेल्या माणसाचे "डोळे खोल गेले" म्हणतो तेव्हा गोळा लहान झालेला नसतो, गादी बसलेली असते.

पायरी दुसरी: चेंडूला बुबुळ लावा

डोळ्याचा गोळा २४ मिलिमीटरचा, टेबलटेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा. तेव्हा डोळ्याच्या कोणत्याही मापाला पाचानं गुणून तिनानं भागलं की चेंडूवरचं माप मिळतं. बुबुळ जवळजवळ १२ मिलिमीटर रुंद, म्हणून चेंडूवर २० मिलिमीटरचं वर्तुळ काढा. मध्ये बाहुली काढून काळी करा.

आता चेंडू हळूहळू फिरवा. वर्तुळाचा लंबगोल होतो, आणखी फिरवला की पातळ फाक उरते. पूर्ण गोल फक्त समोर, तुमच्याकडे पाहणाऱ्या डोळ्यातच दिसतो. हे वाचून कळतं असं सगळ्यांना वाटतं आणि कागदावर आलं की सगळे पुन्हा गोलच काढतात. म्हणून वर्गात चेंडू दहा कोनांत फिरवून दहा बुबुळं काढल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही.

डोळा नुसता चेंडूही नाही. बुबुळासमोर पारदर्शक काच आहे, तिला कॉर्निया म्हणतात, आणि ती चेंडूच्या गोलाईपेक्षा जास्त फुगीर आहे. कॅल्शियमच्या मोठ्या गोळीच्या पाकिटातला एक पारदर्शक खण कापून त्या वर्तुळावर चिकटवा. चेंडू एकदम डोळ्यासारखा दिसायला लागेल. हा फुगवटा स्वतःच्या डोळ्यालाही जाणवतो. डोळा मिटा, पापणीवर बोट अलगद टेकवा आणि आतल्या आत डावीकडे-उजवीकडे पाहा. बोटाखालून एक टेकाड सरकतं. झोपलेल्या माणसाची पापणी सपाट का नसते, याचं उत्तर त्या टेकाडात आहे.

गोळा फिरवणाऱ्या सहा स्नायूंपैकी चार सरळ, दोन तिरपे. त्यातला वरचा तिरपा नाकाकडच्या कोपऱ्यातल्या छोट्या कप्पीतून वळून येतो, रहाटावरून दोर यावा तसा. चित्रात त्याचा काही उपयोग नाही. मला ती कप्पी आवडते म्हणून सांगितलं.

पायरी तिसरी: पापण्या पांघरा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

शाडूची पोळी लाटा, तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीची. खऱ्या पापणीची कड सुमारे २ मिलिमीटर जाड असते, त्याचं हे चेंडूवरचं माप. दोन पट्ट्या कापा आणि चेंडूवर वरून एक, खालून एक अशा पांघरा. दोन्ही पापण्यांमधली उघडीप डोळ्यात साधारण ३० मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर उंच असते, म्हणजे चेंडूवर ५० आणि १६-१७.

इथे कोणीतरी नेहमी ओरडतं, "बाई, चेंडूच ४० चा आहे, ५० ची उघडीप बसणार कशी?" बरोबर. बसतच नाही. कानाकडचा कोपरा गोळ्याला चिकटून असतो, पण नाकाकडचा कोपरा गोळा ओलांडून पुढे जातो. तिथे चेंडू नाही, छोटंसं डबकं आहे. ते पुढच्या पायरीत. मातीच्या पट्ट्या नाकाच्या बाजूला लांब जाऊ द्या आणि तिथे खाली मातीचाच आधार भरा.

आता आरसा घ्या, खालची पापणी बोटानं जरा खाली ओढा आणि कड पाहा. ती रेघ नाही, पट्टी आहे, भिंतीच्या माथ्यासारखी सपाट. केस उगवतात ते पट्टीच्या पुढच्या, कातडीकडच्या काठावर. मागच्या, डोळ्याकडच्या काठाशी बारीक ठिपक्यांची ओळ दिसेल. ती तेलग्रंथींची तोंडं. तिथून झिरपणारं तेल अश्रूंवर तवंग धरतं, म्हणून डोळा लवकर सुकत नाही. बायका काजळ घालतात ते याच पट्टीवर. नवशिके केस थेट डोळ्याच्या पांढऱ्यातून उगवलेले काढतात. केस आणि गोळा यांमध्ये ही ओलसर, उजळ पट्टी सोडली की अर्धा डोळा जिवंत होतो. वरच्या पापणीची पट्टी खाली तोंड करून असते म्हणून सावलीत जाते, खालचीचं तोंड वर म्हणून तिच्यावर उजेड पडतो. वरची रेघ जाड आणि खालची फिकी काढायची ती यासाठी.

पापणीला आकार राहतो तो आतल्या ताठ पट्टीमुळे. कूर्चा म्हणतात, पण ती घट्ट विणीच्या तंतूंची असते. वरची मधोमध सुमारे १० मिलिमीटर उंच, खालची त्याच्या निम्मी. वरची पापणी उलटवली तर पटकन पालथी होते, शाळेत मुलं हा प्रकार करून पोरींना घाबरवायची, ते या पट्टीमुळे. पापणी उचलणारा स्नायू खोबणीच्या अगदी मागच्या टोकापासून येतो आणि त्याचे काही धागे कातडीला बांधलेले असतात. उघड्या डोळ्यावर जी घडी दिसते ती त्या धाग्यांची ओढ. मिटण्याचं काम दुसऱ्याचं. डोळ्याभोवती गोल फिरलेला पातळ स्नायू आकसतो आणि पापण्या मिटतात, मिनिटाला साधारण १५ वेळा. डोळा लवतो तेव्हा याच गोल स्नायूचे काही धागे स्वतःच्या मर्जीनं थडथडत असतात. झोप कमी आणि चहा जास्त झाला की हे होतं. शकुन की अपशकुन ते तुमचं तुम्ही बघा.

आता आजोबांचं. शांत बसलेल्या माणसाची वरची पापणी बुबुळाचा वरचा दीड-दोन मिलिमीटर भाग झाकते. खालची पापणी बुबुळाच्या खालच्या काठाला जेमतेम टेकते. बुबुळाच्या वर पांढरं दिसलं की माणूस दचकलेला असतो किंवा रागावलेला असतो. मी बुबुळ पूर्ण गोल काढून त्याच्या वर पापणी नेली होती. फोटोत पापणीची सावली होती, मला ती डाग वाटली आणि मी ती "स्वच्छ" केली.

दोन कमानीही सारख्या नसतात. वरच्या पापणीचा सर्वांत उंच बिंदू बाहुलीच्या किंचित नाकाकडे, खालचीचा सर्वांत खोल बिंदू किंचित कानाकडे. कानाकडचा कोपरा बहुतेकांचा सुमारे २ मिलिमीटर वर. हे तीन तिरपेपण आले की मासोळी आपोआप मरते.

केसांबद्दल थोडक्यात. वर शे-दीडशे, खाली पाऊणशेच्या आसपास, दोन-तीन ओळींत. वरचे आधी खाली झुकून मग वर वळतात. मोजत बसू नका, दोन-तीनचे झुबके काढा. केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीत पू झाला की रांजणवाडी.

पायरी चौथी: नाकाकडचं डबकं

आरशात नाकाकडचा कोपरा पाहा. एक गुलाबी मांसाचा दाणा दिसेल आणि त्याच्या शेजारी उभी, अर्धचंद्रासारखी नाजूक घडी. दाण्याला पांढरा रंग देऊन मोकळे होणारे बरेच. तो गुलाबीच हवा आणि ओला हवा. सकाळी चिपडं जमतं ते इथेच.

खालची पापणी त्या कोपऱ्याशी जरा बाहेर वळवा. कडेवर एक उंचवटा आणि त्यावर टाचणीनं टोचल्यासारखं भोक दिसेल. वरच्या पापणीलाही असंच एक आहे. अश्रू तयार होतात खोबणीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या ग्रंथीत, पापणीच्या प्रत्येक मिटण्याबरोबर डोळ्यावरून तिरपे पुसले जातात आणि या दोन भोकांतून एका पिशवीत, तिथून नळीनं नाकात उतरतात. रडताना नाक गळतं ते म्हणूनच. डोळ्यात घातलेल्या औषधाची कडू चव घशाला येते तीही याच वाटेनं. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं हलका दाबून धरायला सांगतात ते ती वाट बंद करायला.

चित्रासाठी यातलं काय? खालच्या पापणीची कड आणि गोळा यांच्या सांध्यात अश्रूंची बारीक धार साठलेली असते. खोडरबराच्या टोकानं तिथे केसाएवढी उजळ रेघ उचला. "पाणीदार डोळे" म्हणतात ते एवढंच. डोळे पाणावले की ही रेघ जाड होते, मग फुगते, मग कुठूनतरी फुटते.

पायरी पाचवी: पांढरं, बुबुळ आणि चमक

डोळ्याचं पांढरं पांढरं नसतं. कागद तसाच कोरा सोडला तर माणूस भुतासारखा दिसतो. ते चेंडूचं अंग आहे, तेव्हा दोन्ही कोपऱ्यांकडे काळपट होत जातं आणि वर पापणीची सावली पडते. त्यावरून पातळ पारदर्शक आवरण पसरलेलं असतं, तेच पुढे पापण्यांच्या आतल्या बाजूला अस्तरासारखं वळतं. डोळे येतात म्हणजे या आवरणाला सूज येते. हे आवरण पापणीच्या आत वळून परत फिरत असल्यामुळे डोळ्यात गेलेलं कुसळ मागे मेंदूकडे जाऊ शकत नाही. ते जाईल, ही भीती घेऊन वर्गातल्या एक काकू बरीच वर्षं जगल्या होत्या.

बुबुळाची कड कंपासची रेघ नव्हे, ती धूसर असते. आमच्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांत बुबुळ आणि बाहुली वेगळी दिसत नाहीत म्हणून मुलं सगळंच काळं भरतात. टॉर्च बाजूनं धरा, तपकिरी उजळेल, त्यात सायकलच्या आऱ्यांसारखे धागे दिसतील आणि बाहुली आकसेल. उजेडात ती २ मिलिमीटरपर्यंत बारीक होते, अंधारात तरुण माणसाची ८ पर्यंत मोठी. एका डोळ्यावर उजेड पडला तरी दोन्ही आकसतात. काही जणांच्या दोन बाहुल्यांत जन्मापासून किंचित फरक असतो. पण फरक अचानक दिसू लागला, सोबत डोकं दुखत असेल किंवा पापणी उतरली असेल, तर चित्र राहू द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

चमक म्हणजे खिडकीचं किंवा दिव्याचं प्रतिबिंब. ते बुबुळावर पडत नाही, समोरच्या काचेवर पडतं. म्हणून ते बाहुलीच्या अर्ध्यावरही येऊ शकतं. समोरच्याच्या डोळ्यात तुम्हाला तुमची चिमुकली आकृती दिसते, तीही याच काचेवर. "बाहुली" हे नाव तिच्यावरूनच पडलं असणार. चमक उजवीकडून आली तर दोन्ही डोळ्यांत उजवीकडेच हवी. एकात डावीकडे, एकात उजवीकडे ठेवली की माणूस भलतीकडेच बघतो. आणि उजेड काचेतून आत शिरून बुबुळाची पलीकडची बाजू उजळवतो, चमकेच्या बरोबर समोरची. ही युक्ती कळल्यावर वर्गात आठवडाभर सगळ्यांचे डोळे काचेच्या गोट्यांसारखे झालेले असतात. होऊ द्या. मग आवरता येतं.

बाहुलीच्या मागे भिंग, त्यामागे जेलीसारखा पारदर्शक द्रव, आतल्या भिंतीला दृष्टिपटल आणि मागून मज्जातंतू. चित्रकाराला यातलं जवळजवळ काही दिसत नाही. फक्त फ्लॅशच्या फोटोत बाहुली लाल येते तेव्हा तुम्ही आतली रक्तानं भरलेली मागची भिंत पाहत असता. भिंग गढुळलं की मोतीबिंदू, आणि पिकलेला मोतीबिंदू बाहुलीत राखाडी-पांढरा दिसतो.

पायरी सहावी: कागदावर

क्रम मोडू नका. आधी फिका गोळा, पूर्ण, पापणीच्या आडचा भागही. मग दोन कोपरे, नाकाकडचा गोळ्याच्या बाहेर. मग वरच्या पापणीची कमान, मग खालची. त्यानंतर बुबुळ, आणि तेही पूर्ण काढून पापणीखालचं पुसायचं. कडेची जाडी. वरची घडी. सावल्या. चमक. केस सर्वांत शेवटी, हात शिवशिवत असला तरी.

दुसऱ्या डोळ्यासाठी अंतर: दोन डोळ्यांमध्ये सुमारे एका डोळ्याची जागा. पण समोर बसलेला माणूस मोजा, नियम नंतर. एकदा एका मुलानं शेजारच्या काकूंचं चित्र आणलं, त्यात डावी पापणी खाली होती. मी ती शिकवायच्या तोऱ्यात दुरुस्त केली. पुढच्या रविवारी काकू स्वतः आल्या; त्यांची डावी पापणी तशीच होती, लहानपणापासून. मी त्या मुलाची माफी मागितली.

भुवई हाडाच्या वरच्या कडेवर बसते. नाकाकडचे केस वर उभे, पुढे आडवे, शेपटीकडे खाली वळलेले. आठ्या पाडणारा स्नायू भुवयांना आत आणि खाली ओढतो, कपाळाचा स्नायू वर. भुवयांचा रंग डोळ्यापेक्षा गडद करू नका, नाहीतर चेहऱ्यात आधी त्याच दिसतात.

पायरी सातवी: वाक्प्रचार काढा

हा माझा आवडता गृहपाठ. मराठीतले डोळ्यांचे वाक्प्रचार घ्या आणि प्रत्येकाचं चित्र काढा.

डोळे वटारणे तर झालंच. डोळे बारीक करणे: गोल स्नायू थोडा आकसतो आणि खालची पापणी वर सरकून बुबुळाचा खालचा भाग झाकते. पेंगुळलेले डोळे: वरची पापणी बाहुलीपर्यंत उतरते आणि ती उघडी ठेवायला भुवया वर चढतात, म्हणून झोपाळू माणूस आश्चर्यचकित दिसतो. डोळा मारणे: मिटलेल्या बाजूचा गालही वर येतो, नुसती पापणी मिटली तर तो डोळा मारणं नाही, डोळ्यात काही गेलंय. नजर खाली वळवणे: वरची पापणी गोळ्याबरोबर खाली उतरते आणि तिची घडी सपाट होते, मुलं पापणी जागेवर ठेवून नुसतं बुबुळ खाली नेतात आणि लाजणाऱ्या मुलीऐवजी चोर दिसतो.

खरं हसणं डोळ्यांत दिसतं, हे ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ मध्ये स्नायूंच्या भाषेत मांडलं. ओठांचे कोपरे कोणीही मुद्दाम उचलतं, गोल स्नायूचा बाहेरचा भाग मात्र हुकमात नसतो, असं त्याचं म्हणणं. तो आकसला की खालच्या पापणीखाली फुगवटा येतो आणि कोपऱ्याला सुरकुत्यांचा पंखा उघडतो. लग्नाच्या अल्बममध्ये पाहा, कोण मनापासून हसलंय ते तोंड झाकून ओळखता येतं.

वय आणि चष्मा

जन्मलेल्या बाळाचा गोळा साधारण १७ मिलिमीटरचा आणि बुबुळ तेव्हाच १० च्या जवळ. बुबुळ पहिल्या दोन वर्षांत जवळपास पूर्ण वाढतं, चेहरा मागे राहतो. बाळाचे डोळे म्हणूनच टपोरे दिसतात. बाळ काढताना बुबुळ मोठं आणि पांढरं थोडं.

म्हातारपणी उलट. खोबणीची कड वर येते, वरची पापणी सैल होऊन घडीवर ओघळते, खालची गादी पुढे सरकून पिशव्या होतात. बुबुळाच्या काठाला राखाडी-पांढरं कडं दिसतं. ते बहुधा वयाचंच असतं, पण आजी-आजोबांच्या चित्रात ते काढलं की ओळख पटते. तरुण माणसात दिसलं तर एकदा कोलेस्टेरॉल तपासून घ्यायला सांगा.

चष्मा डोळ्यांनंतर काढा. लांबचं न दिसणाऱ्यांच्या काचेआड डोळा लहान दिसतो आणि गालाची रेघ आत मोडते. जवळच्या किंवा जाड फुगीर काचेआड डोळा मोठा. ही मोडलेली रेघ काढायची हिंमत करा.

पाहायला कुठे जाल

बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. सयाजीरावांनी राजवाड्यासाठी त्यांच्याकडून १४ पौराणिक चित्रं करून घेतली होती. साड्या आणि दागिने नंतर पाहा. आधी पापण्यांच्या कडांची जाडी पाहा, बुबुळावर पडलेली सावली पाहा, डबक्यातला गुलाबी दाणा शोधा. मग दुसऱ्या दिवशी तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं. तिथली भाषा रेषेची आहे, तिथे चेंडू शोधू नका. आमच्या गणपतीच्या डोळ्यांची आखणीही त्याच घराण्यातली: मूर्तिकार एका दमात, श्वास धरून कमान ओढतो. ती शिकायची तर वेगळा गुरू करा.

सरावाला कमाटीबाग. दुपारी दोननंतर बाकांवर डुलकी काढणारे काका उत्तम मॉडेल. हलत नाहीत, पैसे मागत नाहीत, आणि मिटलेल्या पापणीखालून ते टेकाड सरकताना दिसलं तर समजा स्वप्न चाललंय. जागे झालेच तर आधी वही दाखवा, मग नाव सांगा.